रिस्टोअर केलं, पण ड्रॉइंगमध्ये कॉलमच नाहीत

पुण्यातल्या एका बांधकाम कंपनीसाठी क्लाउड बॅकअप निवडायचा होता. सर्व्हरवर २ टीबी डेटा: ड्रॉइंग, आरए बिलं (झालेल्या कामाची टप्प्याटप्प्याची बिलं), टॅली, ड्रोनचे फोटो. आजवर सिंक होणाऱ्या फोल्डरलाच बॅकअप समजत होते. पण इकडे रॅन्समवेअरने (फाइल लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) फाइल लॉक केली, की सिंकमधून तीच लॉक झालेली फाइल वर जाते.

कोटेशनं सगळी टीबीच्या दराची. डेटा परत आणायला किती वेळ आणि पैसे लागतील, हे विक्रेते विचारल्याशिवाय सांगत नाहीत. याचा मला मनापासून राग आहे. ॲमेझॉनचं ग्लेशियर डीप आर्काइव्ह, म्हणजे क्वचित लागणाऱ्या डेटाचं क्लाउड स्टोरेज, स्वस्त, पण फाइल हाती यायला १२ तास लागू शकतात. स्लॅबच्या दिवशी सकाळी ड्रॉइंग हवं असेल, तर त्याचा उपयोग शून्य. म्हणून चालू प्रकल्प ॲमेझॉनच्याच साध्या एस-३ स्टोरेजमध्ये, जिथून फाइल लगेच मिळते, आणि ताबा दिलेल्या इमारतींचा डेटा डीप आर्काइव्हमध्ये ठेवला. दोन्ही मुंबई रीजनमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या मुंबईतल्या सर्व्हरवर, कारण ऑगस्ट २०२२ च्या कंपनी नियमांतल्या दुरुस्तीपासून कंपन्यांना हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घ्यावा लागतो. प्रत पुसू न देणारं ऑब्जेक्ट लॉक कडक अशा कंप्लायन्स मोडमध्ये ३० दिवसांचं. त्या मुदतीत रूट युजरलाही (खात्याच्या मुख्य मालकालाही) लॉक केलेली प्रत पुसता येत नाही.

२० एमबीपीएस अपलोडवर पहिल्या प्रतीला सलग सव्वानऊ दिवस लागतात, म्हणून ड्रोनचे फोटो सगळ्यात शेवटी पाठवले. टॅली उघडी राहिली तर फाइल अडकते. त्यासाठी व्हीएसएस, म्हणजे उघड्या फाइलचीही प्रत घेणारी विंडोजची सोय, चालू केली.

मग नेटवर्कबाहेरच्या लॅपटॉपवर रिस्टोअर करून पाहिलं. ड्रॉइंग उघडलं, ग्रिडच्या रेषा दिसल्या, कॉलम (खांब) नाहीत. ११ एक्सरेफ, म्हणजे ऑटोकॅडच्या ड्रॉइंगला बाहेरून जोडलेल्या फाइल, ‘नॉट फाउंड’. बहुतेक पाथ (फाइलचे पत्ते) पी ड्राइव्हचे, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरचे होते. सबस्ट कमांडने रिस्टोअरच्या फोल्डरला पी अक्षर दिल्यावर ८ सापडले. उरलेल्या ३ चा पाथ साइट इंजिनिअरच्या लॅपटॉपवरच्या डेस्कटॉपचा. स्ट्रक्चरल कन्सल्टंटने मेल केलेली सुधारित फाइल तिथेच सेव्ह झाली आणि तिथूनच जोडली गेली. बॅकअपचा रिपोर्ट मात्र रोज हिरवा, कारण त्याला फक्त सर्व्हर माहीत.

त्या फाइल आधी सर्व्हरवर आणल्या, मग ऑटोकॅडच्या रेफरन्स मॅनेजरने पाथ रिलेटिव्ह (ड्रॉइंगच्या फोल्डरपासून मोजलेले) केले, नव्या जोडण्याही तशाच व्हाव्यात म्हणून ‘रेफपाथटाइप’ हे सेटिंग १ वर ठेवलं आणि साइटच्या पाचही लॅपटॉपवर बॅकअपचा एजंट (तिथल्या फाइल बॅकअपला पाठवणारा छोटा प्रोग्रॅम) टाकला. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या सुधारणा मात्र अजून इंजिनिअरच्या मोबाइलमध्येच राहतात. त्या रोज संध्याकाळी सर्व्हरवर टाकायच्या असं ठरलंय. पाचपैकी दोन साइटवर ते होतं.