तुम्ही विचारलंत म्हणून: कोकणातली पायी ट्रिप काहून बंद केली

"सर, कोकणची पायी ट्रिप काहून बंद केली? आन् स्वतः तर दरवर्षी जाता ना." हा प्रश्न मला किराणा दुकानात विचारून झाला, बँकेच्या लाइनीत झाला, लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याने हातात बुंदीचं घमेलं धरून विचारला, आणि मागच्या महिन्यात तर तेरवीच्या जेवणात माझ्या शेजारच्या काकाजींनी विचारला, म्हणजे मयत कोण याचा विषय बाजूला आणि माझी ट्रिप मधात. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे चार पाण्यातले-पाण्याकाठचे, तेव्हापासून तर विचारणारे डबल झालेत. मी आजवर "शाळेचं काम वाढलं" म्हणून सांगत आलो. ते खोटं आहे. शाळेचं काम वाढलं हे खरं, पण त्यानं ट्रिप बंद नाही झाली.

आधी जे लोक म्हणतात "कोकणात काय ठेवलंय, आपल्याकडे गाविलगड नाही काय", त्यांचं. आहे ना बाप्पा गाविलगड, चिखलदऱ्याजवळचा किल्ला. नऊ वेळा गेलो मी. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीनं तो कसा घेतला हे मी वर्गात पोट्ट्यांना फळ्यावर नकाशा काढून शिकवतो. पण गाविलगडाला सकाळी जा, दुपारी जा, तो तिथंच असतो, वाट तिथंच असते. आमच्याकडची पांधण पावसाळ्यात चिखलानं बंद होते, पण वर्षातून तीन-चार महिने, रोज दोनदा नाही. कोकणातली किनाऱ्याची वाट रोज दोनदा नाहीशी होते आणि रोज दोनदा परत येते, आणि ती कधी येईल हे पंचांगात पाहता येतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या माणसाला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खरंच येडा झालो होतो, लपवत नाही.

तो हिशोब मला अलिबागच्या एका म्हाताऱ्या कोळीबाबांनी शिकवला. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास भरती. घड्याळ नको, मोबाईल नको, कालनिर्णय पाहिलं की झालं. मी हा हिशोब आमच्या गावात किती लोकांना ऐकवला असेल, मोजदाद नाही. समुद्र शेकडो किलोमीटर दूर आणि मी पारावर बसून भरती सांगतो, लोकं हसत.

तर २०१२ पासून सात दिवाळ्या नेलं मी लोकांना. दहा-बारा जण, बडनेऱ्याहून रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस, सकाळी मुंबई, गेटवेवरून मांडव्याची लाँच, आणि तिथून पुढे जमेल तितकं पायी. एका वर्षी रेवदंडा ते कोर्लई. कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये बांधायला घेतला, अशा लांब चिंचोळ्या डोंगरावर की दोन्ही बाजूंना पाणी, आणि खाली गावात जुनी माणसं अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात, पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली तरी. आमच्या गावातला एक जण तिथल्या आजीजवळ अर्धा तास बसला, ती तिच्या भाषेत, हा वऱ्हाडीत, आणि दोघंही मजेत. एका वर्षी श्रीवर्धनहून हरिहरेश्वर, बागमांडल्याहून तरीनं वेसवी, मग बाणकोट, मग वेळास. वेळासला लोक कासवांसाठी जातात पण ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, आम्ही गेलो नाना फडणवीसांच्या गावातल्या पाखाड्या चालायला. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडाच्या बुटक्या भिंती, वर सुपारीची सावली. आमच्या काळ्या मातीत चालून चालून चपलेखाली दोन किलोचा गोळा घेऊन फिरणाऱ्या माणसाला ती वाट म्हणजे, जाऊ द्या.

हे सगळं चांगलं झालं. हे कोणी विचारत नाही.

२०१८ ची दिवाळी. अकरा जण. त्यात माझी मोठी ताई, वय तेव्हा सत्तावन्न, शेतात आयुष्य गेलेली, गुडघे जरा दुखरे पण चालायला माझ्यापेक्षा बरी. तिला म्हटलं, औंदा भाऊबीजेला साडी नाही, समुद्र. ती म्हणाली, साडी पण घेजो. भाऊजींचा कापूस वेचायचा होता, ते नको म्हणत होते, मी त्यांना गळ घालून ताईला काढलं. हे लक्षात ठेवा, मी काढलं.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी कुलाबा किल्ला. अलिबागच्या किनाऱ्यावरून समोर दिसतो, किलोमीटर-दीड किलोमीटर, ओहोटीला चालत जाता येतं. द्वितीया. दोनची पाऊणपट दीड. दुपारी दीडला भरती, म्हणजे सकाळी सव्वासात-साडेसातला ओहोटी. सातला आम्ही निघालो, खाली ओली वाळू, मधामधात घोट्याइतकं पाणी, ताईनं साडी खोचली होती आणि चपला हातात. किल्ला मस्त पाहिला. महाराजांनी १६८० ला काम सुरू केलं, पुढे कान्होजी आंग्र्यांचं ठाणं, १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून आले तरी घेता आला नाही. तटाचे दगड चुना न भरता नुसते एकावर एक बसवलेत, लाट फटीत शिरते आणि तिचा जोर मोडतो. मी हे सांगत होतो, लोक ऐकत होते, मला बरं वाटत होतं. आत गोड्या पाण्याचं तळं. चारी बाजूंना खारं आणि मधात गोडं, ताईनं ते ओंजळीनं पिऊन पाहिलं, मग गणपतीसमोर बसली ती उठेचना.

माझ्या डोक्यात हिशोब असा की सव्वासातला ओहोटी, दीडला भरती, म्हणजे सहा तास. साडेनऊला निघालो तरी पाणी तिसरा हिस्साच चढलेलं असेल. आमच्याकडे मोटर चालू केली की टाकं सारखं भरत जातं, तसं. इथं मी चुकलो. समुद्र टाक्यासारखा भरत नाही. पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन बारावे, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात पाव-पाव. म्हणजे आम्ही नेमके त्या तासात उतरलो ज्यात तो पळतो. त्यात अमावास्येनंतरचा दुसरा दिवस, उधाण अमावास्येपेक्षा एक-दोन दिवस उशिरानंच जोरात असतं. पाऊणपट सांगणाऱ्या बाबांनी हेही सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल. मला पाऊणपट आवडली होती, तेवढीच घेतली.

दरवाज्याशी घोडागाडीवाला उभा होता. म्हणाला, पाणी चढतंय, बसा. नाहीतर थांबा, मग होड्या लागतील. मी म्हटलं, आम्ही पायी आलो, पायीच जाणार. ट्रिपचा पहिला नियमच तो होता, मीच लिहून सगळ्यांना वाटलेला: पायी म्हणजे पायी. त्या कागदाची एक झेरॉक्स अजून माझ्या कपाटात आहे आणि ती वाचली की लिहिणाऱ्याच्या कानाखाली द्यावीशी वाटते. मग वाटतं, तो नियम नसता तर अर्ध्या लोकांनी रिक्षा केली असती आणि कोर्लईच्या आजीजवळ कोणी बसलंच नसतं. असो.

उतरलो तेव्हा गुडघाभर. शंभर-दीडशे पावलांवर मांडीपर्यंत. आमच्या अडाण नदीला पूर येतो तो आवाज करत येतो, माणूस पळू शकतो. इथं आवाज नाही, पाणी समोरून पण येत नाही, दोन्ही बाजूंनी येतं, आणि पायाखालची वाळू सरकते. पुढचे लोक निघून गेले होते, मागे मी, ताई आणि आमच्या शाळेतले एक शिक्षक. ताई हसत होती. मी तिचा व्हिडिओ काढत होतो. उजव्या हातात तिचा हात, डाव्या हातात मोबाईल, वर धरलेला. "ताई, इकडे पाह्य." तिनं पाहिलं आणि पाय खड्ड्यात गेला.

ती गेली खाली. पूर्ण. केस दिसत होते आणि हिरवा पदर.

आता हे मी सात वर्षांत कोणाला सांगितलं नाही, बायकोला पण नाही. माझ्या उजव्या हातातून तिचा हात सुटला आणि मी ताबडतोब दोन्ही हातांनी तिला धरलं नाही. मी मोबाईल कुठं ठेवू हे पाहिलं. खिसा पाण्याखाली होता. मी शर्टाच्या गळ्यात घालायला पाहिला, तो बसेना, मग दातात धरला. किती वेळ लागला असेल, दोन सेकंद, तीन सेकंद. तेवढ्यात तोच घोडागाडीवाला मागून आला होता, त्यानं वाकून तिला काखेत धरून उचललं. मी धरले ते तिचे पाय, ती वर निघाल्यावर.

ताईनं पाणी ओकलं, खोकली, मग म्हणाली, "केवढं खारट रे." चपला गेल्या, एक पाटली वाकली, बाकी काही नाही. दवाखान्यात दाखवलं, डॉक्टर म्हणाले ठीक आहे. किनाऱ्यावर त्या गाडीवाल्यानं एक पैसा घेतला नाही. जाताना मला म्हणाला, "मोबाईल भिजला नाय ना सर?" त्याच्या मनात काही असेल असं मला नाही वाटत, साधं विचारलं त्यानं. मोबाईल कोरडा होता. एक थेंब नाही.

गावात दोन गोष्टी फिरल्या. एक, सरनं बहिणीला समुद्रात बुडवत आणलं. तुम्ही ती ऐकली आहे, आणि मी तिच्यावर चिडतो कारण समुद्रात नाही, मांडीभर पाण्यात, आणि बुडवत नाही, पाय घसरला. दुसरी गोष्ट ताई स्वतः सांगते. प्रत्येक भाऊबीजेला, ओवाळताना, आलेल्या-गेलेल्याला: "माह्या भावानं धरलं म्हणून वाचली मी, नाही तं गेलीच होती." तिच्या डोळ्यात-नाकात पाणी होतं, तिला कोणी धरलं हे तिला दिसलं नसणार. तिला पाय धरलेले आठवतात, ते माझे हात होते हे खरं आहे. मी दरवेळी मान खाली घालतो आणि लोकांना वाटतं, सर किती नम्र.

पुढच्या वर्षी मी ट्रिपचं काढलं तेव्हा भाऊजी एवढंच म्हणाले, "वेचाले माणसं भेटून नाही रायले, तू जा." मी गेलो. एकटा. तेव्हापासून एकटाच.

"मग एकट्यानं तरी काहून जाता" याचं उत्तर माझ्याकडे एक नाही. कधी वाटतं मी सुधारलो म्हणून जातो. आता छापील भरतीचं कोष्टक घेतो, तिथल्या माणसाला विचारतो, आणि हरिहरेश्वरला कातळातून पायऱ्या उतरून समुद्राला लागून जी प्रदक्षिणेची वाट जाते तिथं वरच्या माणसानं "आता नको" म्हटलं की मी पायरीवर बसून राहतो, मागच्या वर्षी अडीच तास बसलो. तिथले खडक पाण्यानं-वाऱ्यानं असे कोरलेत की मधाचं पोळंच, तेच पाहत बसलो. कधी वाटतं, सुधारलो-बिधारलो काही नाही, एकटं गेलं की कोणाचा हात धरावा लागत नाही, एवढंच. भित्रेपणा आहे तो. पण मग सगळ्यांना घेऊन जाणारा तो २०१८ चा मी धीट होता काय? तो फक्त पाऊणपट पाठ असलेला माणूस होता.

दोन वर्षांपासून रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, जास्त जातो. कातळशिल्पं, जमिनीच्या कातळात कोरलेली जुनी चित्रं. उक्षी, बारसू, कशेळी. कशेळीचा हत्ती अठरा मीटरच्या आसपास, जमिनीवर उभं राहून तो हत्ती आहे हे कळतच नाही, फिरत फिरत पाठ, सोंड जुळवावी लागते, आणि त्याच्या पोटात मासे, जनावरं, केवढे छोटे छोटे आकार कोरलेले. कोणी कोरले, कशासाठी, यावर तिथं येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगतो. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली ही शिल्पं. सपाट जांभा, वाळलेलं गवत, दूर खाली समुद्राची पट्टी. घसरायला काही नाही तिथं. आमच्या बरडासारखंच दिसतं, फक्त लाल.

सड्याचे फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकले होते. ताईनं अंगठा दिला. मग परवा रात्री साडेदहाला तिचा मेसेज आला, नातवाकडून टाइप करून घेतलेला: "ह्या हत्तीजवळ पाणी आहे काय? नसेल तं औंदा मले ने. साडी पण घेजो."

दोन दिवस झाले. व्हिडिओ अजून मोबाईलमध्ये आहे, मोबाईल बदलला तरी त्यात घेतला, अकरा सेकंदांचा, शेवटी नुसतं आभाळ आणि माझाच आवाज, "थांब, थांब." ताईला म्हटलं की मला, हे मलाच कळत नाही. तिला दाखवावा की पुसावा की न दाखवता घेऊन जावं, ठरत नाहीये. रिप्लाय दिला नाही अजून.