पाषाण तलावाचा काठ आणि आमचे तीन चुकलेले तक्ते

ऑक्टोबरातला रविवार, सकाळचे पावणेसात. पुण्यातल्या पाषाण तलावाच्या काठावर आमच्यातली एक जण समोरच्या हिरवळीवर पाय टाकणार, तेवढ्यात सर ओरडले. ती हिरवळ नव्हतीच. जलपर्णी होती, आणि तिच्याखाली पाणी. तेव्हा पहिली सूचना हीच: हातात लांब काठी ठेवा आणि ती टेकवून पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नका. रामनदीतून सांडपाणी येतं, त्यामुळे काठच्या चिखलात पडलात तर नुसतं भिजण्यावर भागत नाही.

एस.वाय. बॉटनीचे आम्ही बारा जण, तीन गट. काठाकाठाने चालायचं, ठरावीक अंतरावर चौकट टाकायची आणि आतल्या परदेशी आक्रमक वनस्पती लिहायच्या, एवढंच काम. चौकट म्हणजे पीव्हीसी पाइपचा एक मीटर बाजूचा चौरस. तो जोडताना एक बाजू सुटी ठेवा, म्हणजे झुडपाच्या बुंध्याभोवती बसवता येतो. आमचा चारही बाजूंनी पक्का चिकटवलेला. घाणेरीच्या जाळीत तो घुसवताना दोघांच्या बाह्या फाटल्या.

जलपर्णीच्या पहिल्याच चौकटीत रोपं मोजायला बसलो आणि वीस मिनिटं गेली. प्रत्येक रोपाचं धावतं खोड पुढच्या रोपाला जोडलेलं, मग मोजायचं काय? शेवटी चौकटीचा किती टक्के भाग झाकलाय ते लिहायला लागलो. तुम्ही सुरुवातच तिथून करा.

बांधावर बेशरमची झुडपं आणि गाजर गवत भरपूर. हे गाजर गवत पुण्यात १९५५ साली नोंदलं गेलं आणि त्यानंतरच देशाचं लक्ष त्याच्याकडे वळलं, त्यामुळे आम्हा पुणेकरांचं त्याच्याशी जुनं नातं आहे म्हणायला हरकत नाही. काही रोपांच्या पानांची पार चाळण झाली होती. पानं उलटून पाहिली तर मेक्सिकन भुंगेरे, फिकट पाठीवर गडद नागमोडी रेघा असलेले. १९८०च्या दशकात हे गवत खाण्यासाठीच त्यांना मुद्दाम बंगळूरला आणून सोडलं होतं. गवताची ॲलर्जी असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला. आमच्यातल्या एकाला दुपारपर्यंत मनगटभर पुरळ उठलं होतं.

खरा गोंधळ झाला ॲलिगेटर वीडमध्ये. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती काठावर आणि पाण्यावरही पसरते. समोरासमोर पानं आणि पांढरे गोंडे दिसले की आम्ही बिनधास्त तेच नाव लिहीत गेलो. साडेनऊला सरांनी तक्ते पाहिले आणि विचारलं, "गोंड्याला देठ होता का?" कोणीच पाहिलं नव्हतं. देठ लांब आणि खोड पोकळ असेल, तर ती परदेशी. गोंडे बिनदेठाचे, पानाच्या बेचक्यातच चिकटलेले असतील, तर ती आपली कांचरी, जिची पालेभाजी करतात. तीन तक्ते रद्द झाले आणि तेवढा काठ उन्हात पुन्हा चालावा लागला. म्हणून फोटो काढताना गोंड्याचा जवळून एक आणि मोडलेल्या खोडाचा एक, असे दोन काढाच. फोटोवरून वनस्पती ओळखणारं ॲप नाव सुचवतं, पण वरून काढलेल्या फोटोवर तेही आमच्यासारखंच फसतं.

पाणकणीसही यादीत घालू नका. ते फोफावतं खरं, पण इथलंच आहे. आमच्यासमोरच त्यातून एक जांभळी पाणकोंबडी बाहेर आली, आम्हाला पाहिलं आणि परत आत गेली.

आणखी एक, नंतर कळलेलं. आमच्या एका उत्साही मित्राने 'तेवढीच साफसफाई' म्हणून ॲलिगेटर वीड उपटलं आणि तुकडे पाण्यात भिरकावले. या वनस्पतीला बी लागायचीही गरज नसते, पेराच्या तुकड्यातून नवीन रोप उभं राहतं. मग सरांनी त्यालाच काठीने ते तुकडे एकेक करून बाहेर ओढायला लावलं. सर्वेक्षणाला गेलात तर फक्त नोंद करा. नमुना हवाच असेल तर बंद पिशवीत घ्या.

निघण्यापूर्वी बूट तिथेच घासून घ्या, दुसऱ्या तळ्यावर तेच बूट जाणार असतील तर नक्कीच. मी घासले होते. तरी घरी लेस सोडताना दोन पेरांचा हिरवा तुकडा हाताला लागला. तो आता वर्तमानपत्रात दाबून ठेवलाय, वहीत चिकटवायला.