आईच्या हातातला ली : सीझन एक, एपिसोड पाच, फेरी तिसरी

स्पॉयलर सगळेच आहेत. टेलटेलचा ‘द वॉकिंग डेड’ हा झोम्बींच्या जगातला, निर्णय घेत पुढे न्यायचा व्हिडिओ गेम ज्यांचा अजून खेळून व्हायचाय त्यांनी इथेच थांबावं. पहिला सीझन काहीच माहीत नसताना खेळायला मिळणं आयुष्यात एकदाच होतं.

आधीच्या नोंदी ज्यांनी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिल्या दोन फेऱ्या मी एकट्याने खेळलो. ही तिसरी फेरी आईची आहे. कंट्रोलर माझ्या हातात, निर्णय तिचे. लॅपटॉप टीव्हीला जोडलेला, गंगापूर रोडवरच्या आमच्या घरातला हॉल, जेवणं उरकल्यावरची वेळ. आई शाळेत इतिहास शिकवायची, आता निवृत्त आहे. गेमचा नायक ली एव्हरेटही जॉर्जियातल्या विद्यापीठात इतिहास शिकवणारा, हे कळल्यापासून ती त्याला ‘आपले सर’ म्हणते. तो एका सिनेटरच्या खुनाची शिक्षा भोगायला निघालाय हेही तिला पहिल्याच रात्री सांगितलं होतं. वाटेत त्याला क्लेमेंटाइन ही एकटी पडलेली लहान मुलगी भेटते आणि तो तिला सांभाळतो. आई म्हणाली, “असू दे. पोरीशी कसा वागतो ते बघू.”

भाषांतराची पद्धत पुन्हा लिहितो, कारण दोघा-तिघांनी विचारलं होतं. उत्तर निवडायला मिळालेल्या वेळाची पट्टी आकसत जाते आणि तेवढ्या वेळात चार वाक्यांचं मराठी करून सांगणं शक्य नाही. पहिल्या एपिसोडमध्ये हर्शेलच्या शेतावर मी पूर्ण वाक्यं सांगत बसलो आणि ली तीन वेळा नुसता गप्प उभा राहिला. मग आम्ही चार शब्द ठरवले: खरं, टाळ, चढ (म्हणजे चढ्या आवाजात सुनाव), गप्प. स्क्रीनवर पर्याय आले की मी बटणांच्या क्रमाने हे शब्द म्हणतो आणि आई एक उचलते. जिथे हे शब्द पुरत नाहीत तिथे दोन शब्द जास्त. पॉज करायचा नाही आणि रिवाइंड करायचं नाही, हे दोन नियम तिचेच. तिचं म्हणणं, बोललेला शब्द मागे घेता येत नाही, तर इथे का घ्यायचा? घरी कुणाला दाखवणार असाल तर ही पद्धत वापरून बघा. शब्दांच्या मागचा कल कळला की माणूस लगेच ठरवू शकतो.

पहिली बैठक, शुक्रवार रात्र

आईची सेव्ह फाइल इथवर अशी आली आहे: दुसऱ्या एपिसोडमध्ये जंगलातल्या त्या गाडीतलं अन्न घेऊ नको म्हणाली (बाकीच्यांनी घेतलंच). क्रॉफर्ड या तटबंदी केलेल्या वस्तीत जाताना क्लेमेंटाइनला बरोबर नेलं. तिथल्या घंटेच्या मनोऱ्यात लटकलेल्या बेनला, टोळीतल्या त्या चुका करणाऱ्या पोराला, वर ओढलं. मग क्लेमेंटाइनला कुणीतरी पळवून नेलं आणि तिला शोधताना लीला एका मृताने चावलं; चावलेला माणूस पुढे मृतांसारखाच होतो. आईने तो चावा लपवला नाही, बाही वर करून सगळ्यांना दाखवला. त्यामुळे शेवटच्या एपिसोडच्या सुरुवातीला टोळीतले केनी, क्रिस्टा, ओमिड आणि बेन असे चौघंही तिला शोधायला बरोबर आले. हे मला एकाही फेरीत जमलं नव्हतं. पहिल्या फेरीत तर मी चावा लपवला होता.

हॉस्पिटलच्या तळघरातल्या शवागारात पहिला मोठा प्रश्न येतो, हात कापायचा की ठेवायचा. दोन्ही वेळा मी क्षणाचाही विचार न करता कापला होता. वाचण्याची एवढीशी शक्यता असेल तर ती घ्यायची, एवढंच डोक्यात होतं.

आईने आधी विचारलं, “चावून किती वेळ झाला?”

म्हटलं, झाले असतील काही तास.

“मग आता कापून काय होणार? दोन हात असू दे. पोरगी सापडली की उचलून घ्यायला लागतील.”

बटण दाबलं आणि मी गप्प बसलो. लीचा विचार करताना मी त्याच्या जगण्याचा विचार करत होतो. आई हात कशासाठी लागणार आहे याचा विचार करत होती. दोन फेऱ्यांमध्ये मला हा प्रश्न असा दिसलाच नव्हता. पुढे लिफ्टच्या खोबणीतून वर चढताना, गच्चीवरून जाताना दोन हातांचा ली बघायला मिळाला. त्या हालचाली माझ्यासाठीही नवीन होत्या.

घंटांबद्दल एक आठवण. चौथ्या एपिसोडमध्ये सव्हाना शहरात घंटा वाजतात आणि रस्त्यावरचे सगळे मृत आवाजाच्या दिशेने वळतात. तेव्हा आई पटकन म्हणाली होती, “नारोशंकराची घंटा.” पंचवटीत गोदाकाठी ती मोठी पोर्तुगीज घंटा आहे, वसईच्या विजयानंतर आलेली. पुराच्या वेळी पाणी कुठवर चढलं ते लोक तिच्यावरून आणि दुतोंड्या मारुतीवरून बोलतात. एवढी मोठी घंटा वाजली तर आवाज किती दूर जाईल हे तिला वेगळं समजवावं लागलं नाही. गेममधलं गाव आपल्या गावावर असं आपोआप बसतं, तेव्हा मला फार बरं वाटतं.

दुसरी बैठक, शनिवार

बंगला, माळा, भिंत फोडून पलीकडच्या इमारतीत. इथे फारसं लिहिण्यासारखं नाही. शहरातून निसटायला ठेवलेली बोट गेलेली आहे, वाटेत भेटलेल्या व्हर्ननच्या लोकांनी नेली, आणि आईला त्याचा राग आला. तिने त्यांना कॅन्सरमधून उठलेली माणसं म्हणून आधी फार सांभाळून घेतलं होतं.

पण बेनबद्दल लिहायलाच हवं. मी पहिल्या फेरीत त्याचा हात सोडला होता. दुसऱ्या फेरीत वर ओढलं खरं, पण केनीशी त्याचं भांडण चालू असताना मी घाईघाईने बटणं दाबत पुढे गेलो होतो. आईने चौथ्या एपिसोडमध्ये त्याला वर ओढताना म्हटलं होतं, “नापास झालेल्या मुलाला कुणी खिडकीतून टाकून देत नाही.” आता केनी त्याला पुन्हा टाकून बोलतो आणि बेन पहिल्यांदा उलटून बोलतो. केनीला निदान आपली माणसं शेवटची भेटली. बेनला आपल्या घरच्यांचं काय झालं हेच माहीत नाही. आईने मला आवाज वाढवायला लावला. इंग्रजी कळत नसताना तिला त्याचा आवाज ऐकायचा होता. मी भाषांतर सांगायला लागलो तर हाताने थांबवलं.

त्यानंतर बाल्कनी कोसळते. खाली गल्लीत बेन, लोखंडी गजात अडकलेला, आणि केनी फाटक लावून लीला बाहेर ठेवतो आणि स्वतः त्याच्याजवळ थांबतो. ज्या पोरावर तो इतके दिवस खार खाऊन होता त्याच्याजवळ. बेनला चौथ्या एपिसोडमध्ये सोडून दिलंत तर केनी इथे दुसऱ्याच कारणाने मागे राहतो, आणि हे सगळं तुम्हाला दिसतच नाही. माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या सीझनमधला केनी ज्यांना नुसता तापट वाटतो त्यांनी बेनला वाचवून एकदा हा एपिसोड खेळावा.

नेमक्या त्याच वेळी लाइट गेली. टीव्ही बंद, लॅपटॉप बॅटरीवर चालू. आईने शाल ओढून घेतली आणि आम्ही दोघं लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनपुढे मांडीला मांडी लावून बसलो. गोळीचा आवाज त्या लहान स्पीकरमधून आला. चेकपॉइंट आला तिथे थांबलो.

तिसरी बैठक, रविवार

एरवी दीड-दोन तासांत संपणारा हा एपिसोड आम्हाला तीन रात्री पुरला. आता एकटा ली उरतो. क्रिस्टा आणि ओमिड पलीकडे राहतात, शहराबाहेर आगगाडीजवळ भेटायचं ठरतं, आणि ली सुरा घेऊन मृतांनी भरलेल्या रस्त्यातून सरळ चालत निघतो. इथे निवडायचं काही नाही. पुढे ढकलत राहायचं आणि जो समोर येईल त्याला पाडायचं. जॅरेड इमर्सन-जॉन्सनचं संगीत इथे ऐका. आईने पदर तोंडाला लावला होता.

मग मार्श हाउस या हॉटेलातला, क्लेमेंटाइनला घेऊन गेलेला तो अनोळखी माणूस. आमच्या छंदातल्या मंडळींना माझं ठाम सांगणं आहे, या सीझनचा खरा कळस ही खोली आहे. तो माणूस काही राक्षस नाही. त्याचा मुलगा हरवला होता. ज्या गाडीतलं अन्न आपल्या टोळीने उचललं ती त्याची होती. बायको आणि मुलगी त्यानंतर गेल्या. आता तो खुर्चीत बसून लीला एकेक विचारतो: अन्न का घेतलंस, पोरीला कुठे कुठे नेलंस, जवळच्या माणसाला कधी दुखावलंस का. तुम्ही आधीच्या चार एपिसोडमध्ये केलेलं सगळं तो पुढे ठेवतो. पहिल्या फेरीत मला या प्रश्नांचा राग आला होता. मी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी चढून बोललो होतो.

आईने एकदाही ‘चढ’ म्हटलं नाही. गाडीतल्या अन्नाबद्दल ‘खरं’. क्रॉफर्डला नेल्याबद्दल ‘खरं’. जवळच्या माणसाला दुखावल्याबद्दल विचारलं तेव्हा पट्टी संपत आली तरी ती काही बोलली नाही आणि मग म्हणाली, “हो म्हण. शिक्षकाने सगळ्यात आधी तेच कबूल करायचं असतं.” तोपर्यंत वेळ संपली होती, ली गप्पच राहिला. आई म्हणाली, चालेल.

त्या पिशवीत काय आहे हे मी तिला आधी सांगितलं नव्हतं. बोलिंगच्या बॉलची पिशवी, आणि त्यात त्याच्या बायकोचं डोकं. आईने डोळे मिटले नाहीत. हळूच म्हणाली, “तो त्या दिवसापासून तिथेच अडकलाय.”

झटापट संपल्यावर एक वॉकर (गेममध्ये मृतांना हेच म्हणतात) आत येतो आणि लीला काहीच करत नाही, कारण लीला आता त्यांच्यासारखाच वास येतो. क्लेमेंटाइनच्या हे लक्षात येतं. मग मृताचं आतडं-रक्त तिच्या अंगाला फासून दोघं गर्दीतून चालत निघतात. आणि त्या गर्दीत तिला तिचे आईबाबा दिसतात. सुट्टीवर सव्हानाला आलेले, आपल्याजवळ आहेत असं त्या अनोळखी माणसाने वॉकीटॉकीवरून तिला सांगितलं होतं ते. क्लेमेंटाइनचा आवाज देणाऱ्या मेलिसा हचिसनने तिथे तिला फार मोठ्याने रडू दिलेलं नाही, आणि डेव्ह फेनॉयच्या आवाजातला ली तर शुद्धीतच राहत नाही.

तो जागा होतो तेव्हा दागिन्यांच्या दुकानात असतो. एवढ्याशा पोरीने त्याला ओढत आत आणलेलं आहे.

आई बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. “दोन हात ठेवले उचलायला,” ती म्हणाली, “आणि तीच त्याला ओढत्ये.”

वॉकर झालेला दुकानाचा रक्षक, बॅट, लीला जखडायची हातकडी, चाव्या, बंदूक. यातलं प्रत्येक काम लीला तोंडाने सांगावं लागतं आणि क्लेमेंटाइनला हाताने करावं लागतं. गेमच्या सुरुवातीपासून ‘क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवेल’ अशी ओळ कोपऱ्यात येत असते. आता ती काय काय लक्षात ठेवून आहे ते दिसतं. आईने इथे चार शब्दांची पद्धत मोडली आणि मला प्रत्येक पर्याय पूर्ण वाचायला लावला. ती मान हलवायची, मी दाबायचो. शहरांपासून लांब राहा. क्रिस्टा आणि ओमिडला शोध. केस लहानच ठेव. आगगाडीत क्लेमेंटाइनने लीकडून केस कापून घेतले तेव्हा आईने माझ्याकडे बघून म्हटलं होतं, “शाबास, सर.” ती ओळ आल्यावर ती तेच पुन्हा म्हणाली, पण आवाज निघाला नाही.

शेवटची निवड: क्लेमेंटाइनने गोळी घालायची, की त्याला तसंच सोडून जायचं. मी दोन्ही फेऱ्यांत गोळी घालायला लावली होती. मला तीच दया वाटली होती.

“हातकडी पक्की आहे ना?”

हो.

“मग तो कुणाला चावणार नाही. पोरीला ते करायला लावू नकोस. जाऊ दे तिला.”

मी म्हटलं, आई, तो त्यांच्यासारखा होईल.

“त्याचं होऊ दे. तिला आयुष्यभर आठवेल ते.”

क्लेमेंटाइन दारातून निघाली. लीचे डोळे मिटेपर्यंत आम्ही काही बोललो नाही. बाहेर रस्त्यावर कुणाचं तरी लग्न होतं, बँडचा आवाज येत होता.

श्रेयनामावलीनंतरचं दृश्य चुकवू नका: मोकळं माळरान, एकटी क्लेमेंटाइन, आणि दूर टेकडीवर दोन माणसं. ती थांबते आणि गेम संपतो. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये हा एपिसोड आला तेव्हा ती दोघं कोण यावर लोक महिनोन् महिने बोलत होते. आईने चष्मा पुसून दोनदा विचारलं, “तीच का ती क्रिस्टा आणि ओमिड?” मी सांगितलं नाही.

शेवटी आलेल्या आकडेवारीच्या पानावर, जगभरातल्या खेळाडूंनी काय निवडलं ते दिसतं. आईने ते वाचायला नको म्हटलं. पेपर तपासून झाल्यावर दुसऱ्या वर्गाचे मार्क बघत नाहीत म्हणे.

‘जे केलं ते कशाला केलं, शेवट तर एकच’ ही तक्रार या गेमबद्दल नेहमी ऐकू येते. ली मरतोच, हे खरं. पण तीन फेऱ्यांनंतर माझ्याकडे तीन वेगळ्या क्लेमेंटाइन आहेत. दोघींनी गोळी घातली, एकीने घातली नाही. एकीच्या लीने चावा लपवला, एकीच्या लीने सगळ्यांसमोर बाही वर केली. पुढचा सीझन याच पोरीच्या नजरेतून खेळायचा आहे, त्यामुळे हा फरक मला लहान वाटत नाही.

कामाची नोंद: आईची सेव्ह फाइल पेन ड्राइव्हवर वेगळी काढून ठेवली आहे, माझ्या दोन्ही फाइल्सपासून लांब. मध्ये ‘४०० डेज’ हा दोन सीझनमधला जोड-एपिसोड एका बैठकीत उरकायचा आहे, त्यातली पात्रं नवीन आहेत हे आईला सांगितलंय. मग दुसरा सीझन. सबटायटल मोठी करून हवी आहेत आणि बैठक नऊच्या आत सुरू व्हायला हवी, या तिच्या दोन अटी. शनिवारी ती मावशीलाही बोलावणार आहे.