एवढं हिरवं कोकण, मग तुमचं काम काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नात, एसटीत, अगदी दवाखान्यात नंबर लावून बसलेली असतानाही, मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे म्हटलं की हाच प्रश्न येतो: "कोकणात मुळातच एवढी झाडं, एवढा समुद्र. इथे तुम्ही काय करता?"

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लॉन आणि कारंजं असतं. माझं निम्मं काम पाण्याचं आहे आणि उरलेलं सावलीचं. आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबरात ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. ते पाणी कुठून येणार, कुठे मुरणार, समुद्राला कुठून मिळणार हे कळल्याशिवाय चौकाची काय, साध्या कट्ट्याचीही रेघ ओढता येत नाही. मग आठ महिने ऊन.

जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. पाखाडी, म्हणजे आपली पायऱ्यांची पायवाट बघा: जांभ्याचे चिरे, बुटक्या रुंद पायऱ्या, कडेने पाण्याला वाट. सांधे सिमेंटने बुजवलेले नसल्यामुळे थोडं पाणी तिथल्या तिथे जिरतं. शेवाळ चिऱ्यावरही धरतं, पण त्याचा खरखरीतपणा पाऊल धरून ठेवतो. आता तिथे गुळगुळीत लाद्या बसतात आणि श्रावणात म्हाताऱ्या माणसांना देवळात जायचं तर आधी कुणालातरी ब्लिचिंग पावडर मारावी लागते. याचं मला फार वाईट वाटतं.

काही वर्षांपूर्वी सिंधुदुर्गातल्या एका बंदराजवळची जागा दुरुस्तीसाठी माझ्याकडे आली. समुद्राकडे तोंड केलेली बाकांची रांग तिथे आधीच बसवलेली होती. फोटोत देखणी दिसायची. पण आपला किनारा पश्चिमेचा. दुपारी तीनपासून दिवस बुडेपर्यंत ऊन थेट डोळ्यांत. खाऱ्या वाऱ्याने लोखंडाचे पोपडे निघत होते. मी आठवडाभर तिथे जाऊन बसले. बाकं रिकामी, आणि माणसं सगळी मागच्या वडाच्या पारावर. मासेवाल्या सकाळी पाराच्या पश्चिमेला बसत, दुपार कलली की टोपल्या उचलून पूर्वेला. सावली सरकेल तशा त्या सरकत.

माझ्या नकाशात पूर्वेच्या बाजूला फुलझाडांचा वाफा होता. पारावर नकाशा पसरून समजावत होते, तेव्हा त्यांच्यातल्या एकीने त्या वाफ्यावर बोट ठेवलं. "गो बाय, मगे आमी बसाचा खंय?" वाफा मी तिथेच खोडला.

त्या वडाच्या खोडाला अगदी चिकटून सिमेंट ओतलेलं होतं. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती मीटरभर जागा सिमेंटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. आमचा पार ऐसपैस, म्हणून आम्ही दोन मीटर मोकळं केलं. यंत्र लावलं नाही, कारण मुळं कुठून गेलीत ते दिसत नव्हतं. छिन्नी-हातोड्याने तीन दिवस लागले. खाली करडी, पिठासारखी भुकटी होती, तिला मातीचा वाससुद्धा नव्हता. पालापाचोळा पसरून ठेवला. पावसाळा सरता सरता तिथे गांडुळांनी वर टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या दिसल्या. इतक्या वर्षांत काढलेल्या फोटोंपैकी तो फोटो मला सर्वांत प्रिय आहे.

काही ठिकाणी तर मी काहीच करू नका म्हणते. पुळणीवर मर्यादवेल पसरलेली असते, तीच वाळू धरून ठेवते. सुशोभीकरण म्हणून पहिली तीच उपटली जाते. वर हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा प्रखर दिवा. ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं अंड्यातून बाहेर आली की उजळ क्षितिजाकडे चालतात. रात्री ते क्षितिज समुद्राचं असायला हवं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला गावकरी २००२ पासून ही घरटी जपतायत, आणि दुसरीकडे आपण किनाऱ्यावर दिव्यांचे खांब मागतोय. दिवा हवाच असेल तर बुटका, खाली तोंड केलेला, पिवळसर आणि वाळूपासून लांब.

झाडांचंही तसंच. सुरू भराभर वाढतो म्हणून सगळे तोच मागतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तो किती ठिकाणी आडवा झाला ते आपण पाहिलंय. मी उंडी, भेंड, करंज सुचवते. उंडीला वेळ लागतो, पण तिच्या दाट सावलीत जाळी विणत बसलेली माणसं मी लहानपणापासून बघत आलेय.

पहिला पाऊस लागला की मी अजून छत्री घेऊन त्या पाराकडे जाते आणि पाणी कुठून वाहतंय ते बघत उभी राहते. यंदा पूर्वेच्या बाजूला, नेमकं टोपल्या ठेवायच्या जागी, डबकं साचलं. तिथले चार चिरे दोन बोटं उचलून घ्यायचेत. गवंड्याशी बोलणं झालंय, गणपतीच्या आधी येतो म्हणालाय.