शिबिराचे तीन दिवस

मे महिन्यात अमळनेरला आमच्या ख्रिस्ती मंडळीचं तीन दिवसांचं शिबिर असायचं. नंदुरबार, दोंडाईच्याकडची माणसं सुरत-भुसावळ पॅसेंजरनं यायची. वळकट्या, पत्र्याच्या पेट्या, कडेवर पोरं. आवारातल्या चिंचेखाली मांडव आणि मागे चुली. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा वास सकाळच्या प्रार्थनेतच नाकात शिरायचा. रात्री टाळ-पेटीवर ना. वा. टिळकांची भजनं रंगायची आणि आम्ही मुलं सतरंजीवर गाता गाताच झोपून जायचो.

वैशाखातली सखाराम महाराजांची यात्रा कधी कधी याच दिवसांत यायची. बोरी नदीच्या पात्रातून टाळमृदंग ऐकू यायचा. एकदा आई म्हणाली, "ही माणसं पंढरपूरपर्यंत पायी जातात. आपल्याला रविवारी रस्त्यापलीकडच्या उपासनेला वेळेवर पोचता येत नाही." मला ते लागलं. मी जन्मल्यापासून ख्रिस्ती, आजोबांपासूनचं घर ख्रिस्ती. त्यासाठी मला स्वतःला काही करावं लागतं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

एका वर्षी पाळकसाहेबांनी बायबलमधल्या प्रकटीकरणाचा तिसरा अध्याय घेतला, लावदिकीया या प्राचीन शहरातल्या मंडळीला पाठवलेला निरोप. तू ऊन नाहीस, थंडही नाहीस, कोमट आहेस. त्यांनी तिथला भूगोलही समजावला. जवळच्या हेरापलीला गरम पाण्याचे झरे, कलस्सैकडे गार पाणी, आणि लावदिकीयेला मात्र पाणी दुरून नळानं यायचं. "चोपड्याजवळचं उनपदेव पाहिलंय ना?" त्यांनी विचारलं. बहुतेकांनी पाहिलं होतं. गोमुखातून बारमाही गरम पाणी पडतं तिथे. "ते पाणी अंग शेकतं. माठातलं तहान भागवतं. आणि हे?" उन्हात ठेवलेली कळशी त्यांनी पुढे केली आणि पेलाभर पाणी एका पोराला दिलं. त्यानं घोट घेतला आणि थुंकून टाकला. मेच्या उन्हात खानदेशात राहणाऱ्याला याहून जास्त काय सांगायचं!

पण माझ्यापुरतं खरं शिबिर दुसऱ्या दिवशी झालं. पाठांतर स्पर्धेला स्तोत्र ११९ होतं, १७६ वचनांचं, बायबलमधलं सगळ्यांत लांब. मी पहिली चोवीस वचनं एका दमात म्हटली आणि स्टीलचा डबा पटकावला. डबा मिरवत चुलीकडे गेले, तर तिथे दोंडाईच्याकडची एक आजी भाकरी थापत होती. ती पन्नाशीनंतर अक्षरं शिकली होती, केवळ शास्त्र स्वतः वाचता यावं म्हणून. घरच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं, तरी ती दरवर्षी यायची. तिनं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अहिराणीत विचारलं, पाठ तर झालं, पण समजलं का?

"पाठ तर जयं. समजनं काय?"

मला उत्तर आलं नाही. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि त्याच स्तोत्रातलं तुझं वचन माझ्या पावलांसाठी दिवा आहे, हे वचन सावकाश, अक्षर अक्षर जुळवत म्हटलं. मग म्हणाली, "कंदीलले रोज तेल लागस, बेटा."

त्या रात्री मी पहिल्यांदा कोणी न सांगता बायबल उघडलं. आठ वचनं वाचून थांबले, कारण पाठ असलेल्या ओळी पहिल्यांदाच मला उद्देशून आहेत असं वाटलं. पुढे कितीतरी वर्षं तेल टाकायला मी विसरले, हेही खरं. पण विसरल्याचं कळत राहिलं, ते त्या आजीमुळे.

आता पाठांतराची जबाबदारी माझ्याकडे आहे. वचनं कमी केली आहेत आणि प्रत्येकाला तोच प्रश्न विचारते. गेल्या मे महिन्यात एका पोरानं आठ वचनं बिनचूक म्हटली, आणि विचारल्यावर मान खाली घालून म्हणाला, "नाही समजनं." मग आम्ही दोघं चिंचेखाली बसलो, जेवणाची घंटा होईपर्यंत.