चिखलातला लिलाव

मार्चचा दुसरा शनिवार. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत, गॉर्डनव्हिल गावच्या एका शेतात आम्ही गाडी लावली. दार उघडून पाय खाली टाकला तो थेट घोट्यापर्यंत चिखलात. "आई, उगाच नाही याला मड सेल म्हणत," लेक म्हणाली. बर्फ वितळून जमीन मऊ झालेली असते आणि पेरणीची घाई अजून लागलेली नसते. त्या मधल्या दिवसांत इथल्या गावोगावची अग्निशमन दलं आपापला लिलाव भरवतात. दलातले जवान गावातलेच, बिनपगारी. बंब, पाण्याचे पाइप, डिझेल यांच्या खर्चाला या एका दिवसाच्या बाजाराचा मोठा हातभार लागतो.

मी कागल तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. लहानपणी वडिलांचं बोट धरून कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे सौदे पाहिलेत, त्यामुळे लिलावाचा गलका मला नवा नाही. पण इथे एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी पुकारा चालू होता. एकीकडे घोडे, दुसरीकडे नांगर आणि करड्या टपाच्या बग्ग्या, पलीकडे लाकडी कपाटं. पुकारणारा श्वास न घेता आकडे म्हणत होता. शब्द कळत नव्हते, ठेका मात्र लगेच ओळखीचा झाला. काळ्या रुंद काठाच्या टोप्या घातलेले आमिश, म्हणजे मोटार आणि विजेची तार टाळून साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी, नुसती मान हलवत होते आणि तेवढ्यावर बोली वर जात होती. आमिश लोकांना चेहऱ्याचे फोटो काढलेले आवडत नाहीत, म्हणून फोन पर्समध्येच ठेवला. बरंच झालं, डोळे भरून पाहता आलं.

माझा जीव रमला तो गोधड्यांच्या मंडपात. हे लोक क्विल्ट म्हणतात, मी गोधडीच म्हणणार. एकीवर एकमेकांत गुंतलेल्या कड्यांची नक्षी होती, निळ्या आणि जांभळ्या तुकड्यांची. बोटाच्या एका पेरात मी आठ-नऊ टाके मोजले. उलटी करून पाहिली, तर गाठ कुठेच नाही! दोरा हलकेच ओढून गाठ आतल्या कापसाच्या थरात लपवतात, हे शेजारी उभ्या असलेल्या आमिश बाईंनी सांगितलं. एवढं काम कुणी केलं, असं विचारलं तर म्हणाल्या, "आम्ही अकराजणींनी. हिवाळाभर बसलो होतो." मोठ्या लाकडी चौकटीवर गोधडी ताणायची आणि चारी बाजूंनी बायकांनी बसून टाके घालायचे, अशी इथली रीत. आमच्याकडे जुनी लुगडी अंगणात अंथरून आई आणि काकू समोरासमोर बसायच्या, तेच मला दिसत राहिलं.

आमच्या भागात इर्जिक असायची. एकाच्या रानात सगळ्या गावाचे बैल यायचे आणि घरधनी सगळ्यांना जेवू घालायचा. माझ्या पिढीसमोर ती संपली. इथे ती जिवंत आहे. कुणाचं धान्याचं कोठार जळालं तर शेकडो माणसं गोळा होतात आणि एका-दोन दिवसांत नवा सांगाडा उभा करतात. बहुतेक आमिश बाजारातला विमा घेत नाहीत, नुकसान समाजच वाटून घेतो. आमिश नसलेल्या शेजाऱ्यांना ते 'इंग्लिश' म्हणतात. पण बंबावर दोघेही असतात, चालवणारा इंग्लिश आणि पाण्याची नळी धरणारा आमिश, कारण आमिश लोक मोटार चालवत नाहीत.

आदल्या दिवशी आम्ही लँकेस्टर शहरातल्या सेंट्रल मार्केटमध्ये हिंडलो होतो. लाल विटांची ही इमारत १८८९ची, आणि मंगळवार, शुक्रवार, शनिवार हे तिचे बाजाराचे दिवस. तिथे शूफ्लाय पाय खाल्ला. आतलं सारण मोलॅसिसचं, चव थेट आपल्या काकवीची! काउंटी स्थापन झाली १७२९मध्ये. २७ सप्टेंबर १७७७ रोजी फिलाडेल्फिया सोडून निघालेली काँग्रेस, म्हणजे तेव्हाची अमेरिकेची प्रतिनिधी सभा, इथे थांबली, म्हणून लँकेस्टर एक दिवस देशाची राजधानी होतं. इथल्या कोनेस्टोगा नदीच्या खोऱ्यातला मालवाहू गाडा पुढे देशभर प्रसिद्ध झाला. त्याचा तळ मध्ये खोल असतो, म्हणजे चढउतारावर माल घसरत नाही. पण कोनेस्टोगा हे नाव ज्या मूळ रहिवाशांचं, त्यांतल्या उरलेल्या वीस जणांना पॅक्स्टन बॉइज नावाच्या टोळीने १७६३च्या डिसेंबरात ठार मारलं. चौदा जण तर सुरक्षित राहावेत म्हणून शहरातल्या तुरुंगवजा इमारतीत ठेवलेले होते. त्याच जागी आज फुल्टन नाट्यगृह आहे. मी त्याच्या भिंतीपाशी बराच वेळ उभी राहिले. या काउंटीचं कौतुक सांगताना हे सांगितलंच पाहिजे.

बाजारातून बाहेर पडल्यावर जावयाने गाडी शेतांमधून घेतली होती. चुनखडीवरची ही काळजीने राखलेली जमीन, खेचरांची जोडी, चारा साठवायचे उंच सायलो. दुधाच्या धंद्यावर इथली अनेक घरं उभी आहेत. आमिश गोठ्यात विजेची तार येत नाही, दूध थंड ठेवणारी टाकी डिझेल इंजिनावर चालते. उभ्या फळ्यांच्या भिंतींची रिकामी कोठारं दिसली, ती तंबाखू वाळवायची. आमच्या निपाणी भागात तंबाखू रानात पसरून वाळते, इथे दांड्यांवर टांगतात आणि फळ्या उघडून वारा खेळवतात.

मला सगळ्यात मोठी वाटली ती जमीन राखण्याची गोष्ट. शेतकरी आपल्या शेतावर बांधकाम करण्याचा हक्क तेवढा विकतो किंवा दान करतो. शेत त्याचंच राहतं, कसता येतं, विकता येतं, पण पुढचा कुठलाही मालक तिथे प्लॉट पाडू शकत नाही. अशी १ लाख एकरांहून जास्त जमीन या काउंटीत राखली गेली आहे. आमच्या गावाकडे रस्त्याकडेची रानं एकामागून एक एनए होताना पाहिलीत, त्यामुळे हा आकडा मी जावयाला दोनदा विचारला.

दुपारी कड्यांच्या नक्षीची गोधडी पुकारली गेली. लेकीने साडेसातशे डॉलरपर्यंत नंबराचं कार्ड वर धरलं, मग खाली घेतलं. गोधडी अकराशेला गेली. मला हळहळ वाटली, पण त्या बाईंचा चेहरा खुलला. "नव्या पाइपांना होतील," त्या म्हणाल्या. मग घडी घालायला त्यांनी दुसरं टोक माझ्या हातात दिलं. आईबरोबर घालायचे तशीच घातली आम्ही ती, टोकाला टोक जुळवत, एकेक पाऊल जवळ येत.