खून कसा, शेजारी झाला पाहिजे

मला लांबचे खून आवडत नाहीत. म्हणजे पुस्तकातले. न्यूयॉर्कमधला कुणी सिरियल किलर, विसाव्या मजल्यावरची बॉडी, लॅबमधून आलेला डीएनए रिपोर्ट, असलं काही वाचायला घेतलं की मला पेंगच येते. खून कसा, गावातला हवा. ज्याचा झाला तो सगळ्यांच्या ओळखीचा, आणि ज्यानं केला तो दहाव्याला सगळ्यांच्या आधी हजर, वर पत्रावळ्या कमी पडतायत का बघणारा.

परवा दुपारी लाईट गेली, फोनला चार्जिंग नाही, म्हणून कपाटातून ॲगाथा ख्रिस्तीबाईंचं 'द मर्डर ॲट द व्हिकरेज' काढलं. 1930 सालचं पुस्तक, मिस मार्पलची पहिली कादंबरी. सेंट मेरी मीड नावाचं इंग्लंडमधलं एवढंसं खेडं, आणि तिथल्या पाद्रीबाबांच्याच घरात, त्यांच्याच लिहायच्या टेबलावर कर्नल प्रोथेरो मरून पडलेला. गंमत म्हणजे पाद्रीबाबा पहिल्याच प्रकरणात जेवणाच्या टेबलावर हातात सुरी धरून बोलून बसलेत की ह्या माणसाला कुणी मारलं तर जगावर उपकार होतील. देवाचा माणूस, पण बोलून गेला. आता असलं वाक्य आमच्या आळीत नळाला पाणी सोडणाऱ्या माणसाबद्दल रोज सकाळी कुणी ना कुणी म्हणायचंच, तो माणूस नंतर सुखरूप रिटायर झाला हा भाग वेगळा.

तर माझी खोड अशी की असलं पुस्तक हातात आलं की मी लगेच पात्रं वाटायला बसते. प्रोथेरो म्हणजे आमच्याकडचे ते चेअरमन, ज्यांच्यासमोर कुणी सायकलवर बसून जायचं नाही, उतरून चालत जायचं. त्यातले डॉक्टर म्हणजे आमचे डॉक्टर, फक्त बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून लाल औषध देणारा कंपाउंडर तिथे नाही. पाद्रीबाबा मात्र काही केल्या बसत नाहीत, आमच्या मारुतीच्या देवळातल्या गुरवाला लिहायचं टेबल कुठून आणायचं? त्याच्या देवळात खून पडला असता तर बॉडी फार तर शेंदराच्या डब्याशेजारी सापडली असती. ते सोडून दिलं. पण मिस मार्पल कोण हे ठरवायला मला कधीच वेळ लागला नाही. ती आमची आक्का. वडिलांची थोरली बहीण, लवकर माहेरी परत आलेली, पुढच्या ओट्यावर सूप घेऊन बसणारी.

मिस मार्पल बागेत खुरपणी करते आणि दुर्बिणीतून पक्षी बघते, म्हणजे लोकांना वाटतं पक्षी बघते. आमच्याकडे दुर्बीण नव्हती, तांदूळ होते. तांदूळ निवडणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही तू इथे का बसलीयस. मान खाली, बोटं खडे शोधतायत आणि डोळे कोपऱ्यावरच्या वळणापर्यंत. कुणाच्या घरी दूध अर्धा लिटर वाढलं, कुणाची सून पहाटेच्या एसटीनं पिशवी घेऊन गेली आणि पिशवी कुठली होती, कुणाकडे चपला बाहेर आहेत पण दार लावलेलं आहे, सगळं तिला माहीत. आणि मार्पलबाईंसारखीच तिला कुठल्याही नव्या माणसात जुना माणूस दिसायचा. 'हा त्या टेलरच्या धाकट्याच्या वळणावर गेलाय बघ' म्हणायची, आणि तो जायचा. माणसाबद्दल वाईटात वाईट धरून चालायचं आणि तरी त्याला चहा विचारायचा, ही तिची पद्धत. ख्रिस्तीबाईंनी म्हणे मार्पल रंगवताना आपल्या आजीच्या मैत्रिणी डोळ्यासमोर ठेवलेल्या, त्यामुळे मला ह्यात नवल वाटत नाही, अशा बायका सगळीकडे पिकतात.

आमच्या लहानपणी मराठीत रहस्यकथांचा नुसता पूर होता. बाबूराव अर्नाळकरांनी एकट्यानंच हजारावर लिहिल्या, झुंजार काय, काळा पहाड काय, धनंजय काय. वाचनालयात त्यांची कव्हरं गेलेली, खाकी पुठ्ठा लावून दोऱ्यानं शिवलेली पुस्तकं एका कपाटात होती आणि ते कपाट आम्हा मुलींना देताना वाचनालयातले काका एक भुवई वर करायचे. पण मला आठवतात त्या सगळ्यांत मुंबई. काळी मोटार, पिस्तूल, मध्यरात्रीचा समुद्र. आम्हाला समुद्र माहीत नव्हता, पिस्तूल दिवाळीतलं. कृष्णेकाठच्या, सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावात बसून ते वाचताना वाटायचं की गुन्हा करायलासुद्धा मुंबईला जावं लागतं, जसं मोठ्या ऑपरेशनला.

शेरलॉक होम्सचं मत ह्याच्या उलटं. 1892 च्या एका गोष्टीत तो आणि वॉटसन रेल्वेनं खेड्याकडे निघालेत, वॉटसन बाहेरची हिरवळीतली घरं बघून हरखलाय आणि होम्स म्हणतो मला ही घरं बघून धास्ती वाटते. शहरात पोराला मारल्याचा आवाज आला तर शेजारी निदान धावून येतील, इथे एकेकट्या घरात काय चाललंय कुणाला कळणार. हुशार माणूस, पण त्याला आळी माहीत नव्हती. आमच्या आळीत भिंतीला भिंत, एका घरात जिरं तडतडलं की चौथ्या घरात शिंक. सगळ्यांना सगळं ऐकू जायचं. आणि तरी कुणी बोलायचं नाही.

म्हणून आमच्याकडे रहस्यकथा लिहायची पंचाईतच आहे. 'कुणी केलं' हे रहस्यच नसतं, ते संध्याकाळपर्यंत दळणाच्या गिरणीत सगळ्यांना कळलेलं असतं. मोठ्यानं कोण म्हणणार, तेवढाच प्रश्न. कायद्यात बघा, झडती घ्यायची तर दोन पंच लागतात, त्याच भागातले, प्रतिष्ठित आणि स्वतंत्र. त्याच भागातले मिळतील. प्रतिष्ठित तर ढीगभर. पण आमच्या आळीत स्वतंत्र माणूस कुठून आणायचा? एक तर तो साडू निघणार, नाहीतर त्याच्या बांधाला बांध लागलेला, नाहीतर पोराला चिकटवायला कुणाच्या तरी चिठ्ठीच्या आशेवर.

आमच्याकडे खून नाही झाला. हंडा गेला.

शेजारच्या काकूंचा तांब्याचा हंडा, परसात आडाजवळ उपडा घालून ठेवलेला, सकाळी नाही. त्या काळी तांब्याच्या हंड्याला मोडीत चांगले पैसे यायचे. हंडा लग्नातला, काकूंच्या मामानं दिलेला, गळ्याशी नाव घातलेलं. भांड्यावरची नावं बघितलीत ना कधी निरखून? अक्षर सलग नसतं, टिंबं असतात. छोटी छिन्नी आणि हातोडी घेऊन तो माणूस टक टक करत एकेक टिंब पाडत जातो, 'चि. सौ. कां.' लिहायलाच दहा मिनिटं, मग नाव, मग 'मामाकडून सप्रेम', मग तारीख. उजेडात तिरकं धरलं की दिसतं, बोट फिरवलं की बारीक खरखर लागते.

पहिला संशय कुणावर, हे मी सांगायला नको. भांडी घासायला यायच्या त्या मावशींवर. कुणी ठरवलं नाही, बैठक नाही झाली, पाणी उताराकडे जावं तसा संशय सरळ त्यांच्याकडे गेला. दुपारी त्या आल्या तेव्हा परसात पाच-सहा बायका आणि दोन पुरुष आधीच उभे. त्यांच्याकडे एक फडकं असायचं, त्यात शिळी भाकरी, कोण काय देईल ते. ते सोडायला लावलं. हंडा त्या फडक्यात मावणार नाही हे तिथल्या सगळ्यात लहान पोरालाही दिसत होतं, म्हणजे मलाच. अर्धी भाकरी आणि कागदात बांधलेलं लोणचं निघालं. मावशींनी गाठ परत मारली आणि त्या दिवसाची भांडी घासून मग गेल्या.

1928 साली एस. एस. व्हॅन डाइन ह्या अमेरिकन लेखकानं रहस्यकथेचे वीस नियम काढलेले आहेत. त्यात एक असा की नोकरमाणसाला गुन्हेगार ठरवायचं नाही, ते फार सोपं होतं, गुन्हेगार असा हवा की ज्याच्यावर एरवी कुणी संशय घेणार नाही. त्याला फक्त वाचकाची मजा जाऊ द्यायची नव्हती, बाकी काही उदात्त हेतू नव्हता. पण हा नियम मी वाचला तेव्हा मला वाटलं, हा माणूस त्या दुपारी परसात असायला हवा होता. पुस्तकात निदान कर्नल, डॉक्टर, वकील सगळ्यांना रांगेत उभं करतात, तुम्ही साडेसहाला कुठे होतात विचारतात. मिस मार्पल तर गावातली सात माणसं मोजते, आणि त्यांना प्रोथेरो गेल्याचा आनंद झाला असेल म्हणते. आमच्याकडे बाकीच्या सहांना कुणी विचारतच नाही.

आक्का काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात ती शेजारच्या गावी बाजाराला म्हणून गेली, तिथल्या भांड्यांच्या दुकानात मोडीच्या ढिगाशेजारी बसली, दुकानदाराशी स्टोच्या पिनांवरून हुज्जत घालत, आणि एका हंड्याच्या गळ्याशी तिचं बोट थांबलं. नाव कानशीनं घासलेलं. पण घासणाऱ्याला घाई होती किंवा उजेड नव्हता, मामाच्या 'मा'चा काना आणि खालची तारीख राहिली होती. दुकानदारानं आणून देणारा कसा दिसतो ते सांगितलं. हातात घड्याळ, चांगल्या घरचा वाटला म्हणून जास्त विचारलं नाही, म्हणाला.

आमच्या आळीत त्या वयात हातात घड्याळ एकाच्या. वकिलांचा मुलगा, मटक्याच्या ओपन-क्लोजपायी कॉलेज बुडवत असलेला. हेही सगळ्यांना आधीच माहीत होतं.

हंडा परत आला, रात्री. काकूंनी 'सापडला गं बाई' एवढंच म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी त्यात पाणी भरलं. पोलिसात कुणी गेलं नव्हतंच. मावशींनी पुढच्या महिन्यापासून आमच्या आळीतली कामं सोडून पेठेतली धरली.

त्यांना बोलावून सांगायला हवं होतं, असं आक्का एकदा जेवताना म्हणाली. बाबांनी आमटी वाढायला सांगितली. आमच्या जमिनीची केस तेव्हा उभी होती आणि वकील ती बिनफीची बघत होते.